शिबिरानंतरची सकाळ

इगतपुरीहून दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून माणूस घरी आला, की त्याला विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. दहा दिवस खरंच बोलायचं नाही? फोनसुद्धा जमा करून घेतात? पहाटे चारला उठवतात म्हणे, आणि रात्रीचं जेवणही नाही? तोही हौसेने सगळं सांगतो. धम्मगिरीवरचा पाऊस, संध्याकाळी पाचला मिळणारा चहा, गुडघ्यांचे हाल, दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर शेजारच्या साधकाशी झालेलं पहिलं बोलणं. पण पुढच्या दिवसाबद्दल कोणी विचारत नाही. उद्या पहाटे घंटा वाजवत दारावरून जाणारा धम्मसेवक नसेल, तेव्हा तू उठून बसणार आहेस का?

हे पुस्तक या प्रश्नापायी तयार झालं. घर, नोकरी, शेती, आजारपणं सांभाळून वर्षानुवर्षं सकाळ-संध्याकाळ बसणाऱ्यांनी आपापल्या साधनेबद्दल लिहिलेली टिपणं यात एकत्र केली आहेत. नावं त्यांच्याच इच्छेप्रमाणे दिलेली नाहीत. त्यात प्राथमिक शाळेतल्या बाई आहेत, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आहेत, रात्रपाळी करणारी परिचारिका आहे, निफाडकडचे द्राक्षबागायतदार आहेत. प्रत्येकाची घडण निराळी, भाषा निराळी. पण सगळे एकाच अनुभवावर येतात. मन:शांती शिबिरातून बांधून आणता येत नाही. शिबिरात पद्धत शिकायला मिळते, आणि तिचं पुढे काय होतं ते रोजच्या तासावर ठरतं. मलाही तसंच वाटतं, आणि म्हणूनच प्रस्तावना लिहायला मी आनंदाने होकार दिला.

ही साधना ज्या परंपरेतून आपल्यापर्यंत आली, तिच्याकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. अलीकडचे तिचे तीन आचार्य संसारी होते आणि तिघांचाही हिशेबाशी संबंध होता. ब्रह्मदेशातले सयाजी ऊ थेट, म्हणजे सया थेटजी, तरुणपणी भाताच्या गिरणीत मोजणीचं काम करत. कॉलऱ्याच्या साथीत पोटची मुलं गेली आणि ते घर सोडून साधनेच्या शोधात निघाले. काही वर्षांनी परतले ते मठात गेले नाहीत. रंगूनजवळच्या आपल्या गावी, आपल्याच शेतावर बसू लागले. शेताचं काम घरच्या बायकांनी उचललं. त्यांचे गुरू लेडी सयाडो हे भिक्षू, मोठे विद्वान. त्यांनी या गृहस्थाला शिकवण्याची मोकळीक दिली, आणि बंद वाटणारं एक दार त्या दिवशी उघडलं. सया थेटजींकडे 1937 मध्ये सरकारी हिशेब खात्यातले ऊ बा खिन शिकले. 1948 मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर हेच ऊ बा खिन देशाचे पहिले महालेखापाल झाले. लाचखोरीला थारा न देणारा, कामाला वाघ असा अधिकारी. आपल्याच कार्यालयात ते कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवत. पुढे एकाच वेळी अनेक खात्यांची जबाबदारी असतानाही त्यांचं शिकवणं चालू राहिलं. ‘मला वेळ कुठे मिळतो’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा माणूस एकदा डोळ्यांसमोर आणावा असं मला मनापासून वाटतं.

त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका. जन्म 1924 चा, मंडालेच्या मारवाडी कुटुंबातला. व्यापारात नाव कमावलेलं, आणि अर्धशिशी इतकी तीव्र की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. उपचारांसाठी त्यांनी परदेशही पालथे घातले. 1955 मध्ये ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा डोकेदुखीवर इलाज म्हणून आला असाल तर इथे येऊ नका, असं त्यांना स्पष्ट सांगितलं गेलं. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. मन निर्मळ करण्यासाठी आलात तर या, बाकीचं त्यामागून येईल, असा तो रोख होता. गोयंका चौदा वर्षं गुरूंच्या सहवासात बसत राहिले. मग 1969 मध्ये, आई मुंबईत आजारी होती म्हणून ते भारतात आले आणि त्याच वर्षीच्या जुलैत काळबादेवीच्या एका धर्मशाळेत त्यांनी पहिलं शिबिर घेतलं. बसणारी माणसं जेमतेम चौदा, त्यात त्यांचे आईवडीलही होते. इगतपुरीचं धम्मगिरी 1976 मध्ये सुरू झालं. आज जगभरात या परंपरेची केंद्रं आहेत, पण तिची भारतातली पहिली पावलं मुंबईच्या पेठेत आणि कसारा घाटाच्या माथ्यावर पडली, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला ठाऊक असावं.

खरं तर या मातीत ध्यानाला बसणं त्याहून कितीतरी जुनं आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी पाहा. शंभराहून जास्त लेणी आहेत आणि त्यांतली पुष्कळशी साधीच. पुढे ओसरी, आत एक खोली, भिंतीलगत दगडाचा ओटा, बाजूला पावसाचं पाणी साठवायचं टाकं. नक्षी नाही, मूर्ती नाही. भिक्षूने राहावं, निजावं, बसावं, एवढीच सोय. या लेण्यांतल्या शिलालेखांत दात्यांची नावं आहेत. कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी, त्यांच्या घरच्या स्त्रिया. दान त्यांनी केलं आणि ध्यान भिक्षूंनी केलं. त्याच बोरिवलीहून खाडीपलीकडे गोराईला आता जागतिक विपश्यना पॅगोडा उभा आहे. 2009 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. एकाही खांबाचा आधार नसलेल्या त्या घुमटाखाली आठ हजार माणसं बसू शकतात, आणि तिथे बसायला येतात ते बहुतेक व्यापारी, कारकून, गृहिणी, निवृत्त माणसं. दान देणारा आणि ध्यान करणारा आता एकच आहे. गेल्या शतकात झालेला हा बदल पॅगोड्याच्या उंचीपेक्षा मला मोठा वाटतो.

आता प्रत्यक्ष पद्धतीबद्दल. ज्यांचं शिबिर झालेलं नाही त्यांना पुढची टिपणं समजावीत इतपतच इथे लिहितो. पहिले तीन दिवस आनापान असतं. श्वास आत येतो, बाहेर जातो, तो तसाच पाहायचा. लांब करायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही, त्याला कुठलं नाव जोडायचं नाही. लक्ष ठेवायचं ते नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर, एवढ्याशा जागेवर. ऐकायला सोपं वाटतं. बसल्यावर कळतं की चार श्वास होत नाहीत तोच मन कर्जाच्या हप्त्यापाशी, नाहीतर गेल्या दिवाळीत भाऊ काय बोलला होता तिथे जाऊन पोचलेलं असतं. ते निघालं कधी तेही आपल्याला कळलेलं नसतं. लक्षात आलं की पुन्हा श्वासावर यायचं. रागावायचं नाही, निराश व्हायचं नाही. नवख्या साधकाला वाटतं की आपलंच मन इतकं पळतं. शेजारी दगडासारख्या स्थिर दिसणाऱ्या माणसाच्या डोक्यातही तेच चाललेलं असतं.

चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते. डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत शरीराच्या एकेका भागावरून लक्ष फिरवायचं आणि तिथे जी संवेदना असेल ती जाणायची. खाज, उष्णता, जडपणा, धडधड, सूक्ष्म झिणझिणी, काहीही असो. कपाळावरून माशी चालल्यासारखं वाटलं तरी हात वर न्यायचा नाही. आधी पाहायचं, ती खाज वाढते कशी, शिखराला जाते कशी आणि मग ओसरते कशी. सामूहिक साधनेच्या तासात अधिष्ठान असतं, म्हणजे मांडी, हात आणि डोळे न उघडण्याचा संकल्प. चाळीस मिनिटांनंतर डाव्या गुडघ्यात कोणीतरी खिळा ठोकावा तशी कळ येते. ती कळ ही एकच एक घट्ट वस्तू नाही. तिच्यात ठोका आहे, आग आहे, ताण आहे, आणि त्यातलं प्रत्येक क्षणोक्षणी बदलतं आहे, हे जाणवतं तेव्हा साधकाला पहिल्यांदा काहीतरी हाती लागतं. कळ असतेच. तिच्याशी चाललेलं आपलं भांडण मात्र थोडा वेळ थांबतं. या थांबण्याला साधक समता म्हणतात, आणि माझ्या मते सगळी साधना या एका जागी आहे.

हे गुडघ्यापुरतं राहिलं असतं तर कोणी आयुष्यभर कशाला बसलं असतं? बुद्धांचं म्हणणं असं, की बाहेरच्या गोष्टीचा स्पर्श झाला की शरीरात संवेदना उमटते आणि आपण प्रतिक्रिया देतो ती त्या संवेदनेला. वाटतं मात्र की बाहेरच्या माणसाला देतो. सतिपट्ठान सुत्तात संवेदना पाहण्याला वेगळं स्थान आहे ते याच कारणाने. पुस्तकातल्या एका टिपणात एका गृहसंकुलाच्या सचिवांनी याचं उदाहरण दिलं आहे. टँकरच्या पैशांवरून सभेत एकाने त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला. त्यांचे कान गरम झाले, छातीत काहीतरी वर आलं, जीभ टाळूला लागली. हे सगळं त्यांना कळलं, बोलण्याच्या आधी कळलं. ते लिहितात की मी उत्तर दिलंच, कडकही दिलं, पण ते माझं उत्तर होतं. एरवी माझ्या कानांनी दिलं असतं. साधनेतून मिळणारी शांती म्हणजे काय, हे मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं. पडतं घेत राहणं, सोसत राहणं, अन्यायाला मान डोलावणं यांचा त्या शांतीशी संबंध नाही.

पण सभेतला तो अर्धा क्षण हाती यावा म्हणून सकाळचा पूर्ण तास लागतो. जुन्या साधकांना केंद्रातून सांगितलं जातं ते असं: सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, झोपण्याआधी आणि जाग आल्यावर अंथरुणातच पाच-पाच मिनिटं, आठवड्यातून एकदा इतरांबरोबर सामूहिक साधना, आणि वर्षातून एकदा दहा दिवसांचं शिबिर. कागदावर हे सरळ दिसतं. बदलापूरहून चर्चगेटला जाणाऱ्या माणसाला, किंवा ज्या बाईच्या नळाला पहाटे साडेपाचला पाणी येतं आणि सहाला जातं तिला, हे दोन तास काढायचे म्हणजे अख्खा दिवस नव्याने मांडावा लागतो. त्या बाईंचं टिपण या पुस्तकात आहे. त्या पावणेपाचला बसतात. पाणी भरून झाल्यावर उरलेली पंधरा मिनिटं बसून तास पुरा करतात. त्या बसलेल्या असताना शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या, दुधाच्या पिशव्या टाकणाऱ्या मुलाची सायकल, वरच्या मजल्यावरचा खोकला, सगळं चालूच असतं. ते थांबण्याची त्या वाट पाहत नाहीत. तिहार तुरुंगात 1994 मध्ये हजाराहून जास्त कैद्यांचं एकत्र शिबिर झालं, तेव्हाही तिथे काही अरण्यातली निवांतता नव्हती.

संध्याकाळचा तास सर्वांत कठीण, याबद्दल टिपणं लिहिणाऱ्या जवळजवळ सगळ्यांचं एकमत आहे. दिवसभराचा थकवा, मुलांचा अभ्यास, स्वयंपाक, बातम्या, पाहुणे. बसलं की झोप येते. काहींनी यावर उपाय सांगितले आहेत. कामावरून आल्याबरोबर, चहाच्याही आधी बसायचं. घरच्यांशी बोलून तो तास ठरवून घ्यायचा. जमलंच नाही तर निदान अर्धा तास, पण खाडा नको. माझं मत विचाराल तर घरच्यांचं सहकार्य हा यातला सर्वांत मोठा प्रश्न आहे आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पुरुषाने दार लावून तासभर बसणं घरात सहज मान्य होतं. सुनेने तेच केलं तर दूध उतू गेल्याचा दोष तिच्या माथी येतो. ज्या घरात ही गोष्ट उघडपणे बोलली गेली, कामं वाटून घेतली गेली, तिथेच बायकांची साधना टिकलेली दिसते. घरच्या कुणाला समता शिकवण्याआधी आपण अर्धा स्वयंपाक उचलावा, हे जुन्या पुरुष साधकांना मी कळकळीने सांगू इच्छितो.

मराठी घरातून येणाऱ्या साधकाला आणखी एक प्रश्न पडतो. आमच्याकडे रोज हरिपाठ होतो, आजीपासून नामस्मरण चालत आलेलं आहे. ते सोडायचं का? ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात साधकाने बसायची जागा कशी असावी याचं इतकं रसाळ वर्णन आहे की ध्यान आपल्याला बाहेरून आलेलं वाटण्याचं कारणच नाही. नामाने मन एकाग्र होतं, त्यात शंका नाही. विपश्यनेत नाम वापरत नाहीत याचं कारण निराळं आहे. इथे पाहायचं आहे ते शरीरात आणि मनात आपोआप घडत असलेलं. त्यावर एखाद्या शब्दाची लय चढवली की ते झाकलं जातं. म्हणून शिबिराचे दहा दिवस आणि त्यानंतर रोजच्या त्या दोन तासांपुरतं दुसरं काही मिसळू नये, असा आग्रह असतो आणि तो मला रास्त वाटतो. उरलेल्या दिवसात कोणाच्या श्रद्धेला धक्का लागावा असं यात काही नाही. वारीला जाणारे दोन साधक या पुस्तकात लिहिते झाले आहेत. चालताना नाम आणि मुक्कामावर पहाटे तासभर साधना, असं ते करतात.

आध्यात्मिक जाणीव हा शब्द आपल्याकडे फार मोठ्या अपेक्षा घेऊन येतो. प्रकाश दिसेल, अंग हलकं होऊन तरंगेल, मागचा जन्म कळेल. कधी कधी शरीरभर सूक्ष्म, सुखद तरंगांचा प्रवाह जाणवतो, हे खरं आहे. दुसऱ्या दिवशी साधक त्याचीच वाट पाहत बसतो आणि हाती लागतो तो जड, दुखरा, कंटाळलेला देह. मग वाटतं, साधना बिघडली. प्रत्यक्षात त्याच दिवशी तिची कसोटी असते. सुखद संवेदनेला चिकटणं आणि दु:खद संवेदनेला झिडकारणं, दोन्ही एकाच सवयीची रूपं आहेत, आणि हा तास ती सवय सैल करण्यासाठी आहे. वर्षं जातात तसं आणखी एक जाणवू लागतं. राग, भीती, हाव येते, थांबते, जाते. तिच्यावर ‘माझं’ म्हणून शिक्का मारण्याची घाई कमी होते. अध्यात्म म्हणतात ते मला इथेच भेटलं.

वैद्यकीय संशोधनाने ध्यानाकडे गांभीर्याने पाहायला सुरुवात करून आता बरीच वर्षं झाली. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात तणावावरचा ध्यानवर्ग सुरू केला. 2014 मध्ये अमेरिकेतल्याच एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात 47 चाचण्यांचा, साडेतीन हजार लोकांचा आढावा छापून आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने लहान ते मध्यम प्रमाणात फरक पडतो, असा त्याचा निष्कर्ष होता. औषधं किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ते सरस ठरल्याचा पुरावा मात्र सापडला नव्हता. हे साधकांनीही लक्षात ठेवावं. ध्यान सुरू केलं म्हणून रक्तदाबाची किंवा मानसोपचाराची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तीव्र मानसिक आजार असलेल्या माणसासाठी दहा दिवसांचं मौन आणि रोजचे दहा तास बसणं त्रासदायक ठरू शकतं. अर्जात आजारांविषयी विचारतात ते याचसाठी. तिथे काहीही लपवू नये.

शेवटी हे पुस्तक कसं वाचावं याबद्दल. ज्यांचं शिबिर झालं आहे त्यांनी कुठूनही सुरुवात करावी. साधना सुटली असेल तर ‘पुन्हा बसताना’ हा भाग आधी वाचावा. सुटलेली साधना धरण्याचा सोपा मार्ग म्हणजे आठवडाभर फक्त आनापान करणं आणि जवळची सामूहिक साधना गाठणं. ती पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरात सहज मिळते आणि लहान गावांतही जुन्या साधकांच्या घरी चालते. ज्यांचं शिबिर झालेलं नाही त्यांनी ही टिपणं वाचून विपश्यना आपली आपण सुरू करू नये. ती शिकण्याची जागा केंद्रच आहे. शिबिराला फी नाही, राहण्या-जेवणाचेही पैसे घेत नाहीत. आधी बसून गेलेल्यांच्या दानावर ते चालतं. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना त्यासाठी रजेची सोय आहे, तिची चौकशी आपापल्या आस्थापना शाखेत करावी. अर्ज दोन-तीन महिने आधी भरावा, कारण दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या जागा लवकर संपतात. आणि घरी परतण्याची तारीख ठरवताना पुढचा एक दिवस मोकळा ठेवावा, म्हणजे पहिल्या पहाटेला घाई होणार नाही.